चिकनच्या पाकिटावरची तारीख उलटली, पण वास येत नाही. मग खायचं की टाकायचं?

पाकिटबंद कच्चं चिकन किंवा मटण फ्रीझरमध्ये नव्हतं आणि त्यावरची ‘यूज बाय’ तारीख उलटून गेली, तर ते खाऊ नये. उत्तर खरं तर एवढंच आहे. तरीही वाशी-नेरूळपासून खारघरपर्यंत, ऑनलाइन मागवलेली अशी पाकिटं जिथे दर आठवड्याला येतात, तिथे निर्णय बहुतेक वेळा नाकावर सोपवला जातो. वास नाही ना? मग घाला कुकरमध्ये.

दोन-अडीचशे रुपयांचं पाकीट टाकताना जीव खालीवर होतो, हे समजण्यासारखं आहे. पण नाक इथे भरवशाचा साक्षीदार नाही.

तारखेचा अर्थ काय?

पाकिटांवर दोन प्रकारच्या तारखा दिसतात आणि त्यांची सर्रास गल्लत होते. ‘बेस्ट बिफोर’ ही चव आणि दर्जाची तारीख आहे. ती उलटलेलं बिस्किट मऊ पडलेलं असेल, पण त्यामुळे सहसा कुणी आजारी पडत नाही. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ ही सुरक्षिततेची तारीख आहे. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘एफएसएसएआय’च्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार उत्पादन किंवा पॅकिंगची तारीख आणि ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ तारीख छापणं सक्तीचं आहे. ‘बेस्ट बिफोर’ ऐच्छिक आहे. बिस्किटाचा न्याय चिकनला लावता येत नाही तो यामुळे.

नाक का फसतं?

मांसाला वास आणणारे आणि माणसाला आजारी पाडणारे जिवाणू बऱ्याचदा वेगळे असतात. साल्मोनेला किंवा कॅम्पिलोबॅक्टर चिकनमध्ये असले तरी ना वास येतो, ना रंग बदलतो. लिस्टेरिया तर फ्रिजच्या थंडाव्यातही वाढत राहतो आणि गर्भवतींच्या बाळाला त्यापासून गंभीर धोका असतो. गंमत म्हणजे नाक उलट बाजूनेही चुकतं. व्हॅक्युम पॅक उघडल्यावर सुरुवातीला आंबूस वास येतो आणि मटण जांभळट दिसतं; थोड्या वेळाने वास उडतो, रंगही लाल होतो. ते मांस बिघडलेलं असेलच असं नाही. थोडक्यात, घाण वास किंवा बुळबुळीतपणा असेल तर तारीख काहीही असो, मांस टाकावं. पण वास नाही म्हणून ते सुरक्षित ठरत नाही.

‘शिजवलं की सगळं मरतं’ हा दुसरा आधार. चिकनचा आतला भाग ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापला की जिवाणू मरतात, हे खरं. पण स्टॅफिलोकॉकस ऑरियससारखे काही जिवाणू वाढताना विष सोडतात आणि ते विष उकळूनही नष्ट होत नाही. शिवाय पाकिटातलं पाणी ओट्यावर, सुरीवर आणि तिथेच चिरलेल्या काकडीवर गेलेलं असतं. काकडी कुणी शिजवत नाही.

तारखेला एक अट असते

तारखेशेजारी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: ० ते ४ अंशांत ठेवा. ती अट मोडली की तारखेला अर्थ उरत नाही. डिलिव्हरीचं पाकीट सोसायटीच्या वॉचमनच्या टेबलावर दोन तास पडलं, तर तारखेला तीन दिवस शिल्लक असूनही ते धोक्याचं आहे. ५ ते ६० अंश हा जिवाणूंच्या वाढीचा पट्टा मानला जातो. नाशवंत अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नियमात, हवा ३२ अंशांहून गरम असेल तर ही मुदत एकच तास. नवी मुंबईतली मे महिन्यातली दुपार याच दुसऱ्या नियमात बसते.

महावितरणची वीज गेली तर? दार बंद ठेवलं तर फ्रिज साधारण चार तास थंड राहतो. गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास टिकतो, अर्धा भरलेला २४. वीज जास्त वेळ गेली असेल, तर फ्रिजमधलं कच्चं मांस टाकलेलं बरं.

दुकानातून कापून आणलेल्या मांसावर तारीखच नसते. तिथे मोजणी कापल्यापासून करायची: फ्रिजमध्ये चिकन आणि खिमा एक-दोन दिवस, मटणाचे तुकडे तीन ते पाच दिवस, शिजवलेला रस्सा तीन-चार दिवस. शिजवलेलं विकत घेताना तर तारीख विचारायचीही सोय नसते. मे २०२४ मध्ये खाडीपलीकडे ट्रॉम्बे भागात शोरमा खाल्ल्यानंतर १९ वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला आणि पोलिसांनी दोन विक्रेत्यांना अटक केली.

गटारीला उरलेलं, श्रावणानंतर सापडलेलं

तारखेच्या आत, उणे १८ अंशांत गोठवलेलं मांस तारीख उलटल्यावरही सुरक्षित राहतं. महिन्यांनी फक्त चव आणि पोत उतरतो. म्हणजे गटारीला फ्रीझरमध्ये टाकलेलं पाकीट श्रावण संपल्यावर चालेल. अट अशी की मधल्या काळात ते वितळलेलं नसावं. एका दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा मात्र दरवेळी उणे १८ गाठेलच असं नाही. गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत, नुसते थांबतात. म्हणून पाकीट ओट्यावर न ठेवता फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळवावं आणि चिकन असेल तर एक-दोन दिवसांत शिजवावं.

आणखी एक सवय: ‘टाकण्यापेक्षा घरकामाच्या मावशींना देऊ.’ जे आपल्या मुलांना वाढायची भीती वाटते, ते त्यांच्या मुलांनाही देऊ नये.

खाऊन झालंच असेल तर घाबरायचं कारण नाही. प्रत्येकजण आजारी पडत नाही. त्रास काही तासांत किंवा चार-पाच दिवसांनीही सुरू होऊ शकतो. जुलाब-उलट्या झाल्यास ओआरएस द्यावं. शौचातून रक्त, १०२ फॅरनहाइटच्या वर ताप, लघवी कमी होणं किंवा तीन दिवसांहून जास्त जुलाब, यातलं काहीही दिसलं तर डॉक्टर गाठावेत. लहान मुलं, वृद्ध, गर्भवती आणि मधुमेही यांनी इतकंही थांबू नये.

तारीख उलटलेलं पाकीट दुकानातूनच तसं आलं असेल, तर फेकण्याआधी लेबल, तारीख, १४ अंकी परवाना क्रमांक आणि बिलाचा फोटो काढावा. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १८००-२२२-३६५ या टोल-फ्री क्रमांकावर तक्रार करता येते.