शिशाने घडवलेला सुवर्णकाळ

५ मे २०२२ रोजी जर्मनीतील स्टुटगार्ट येथे मर्सिडीज-बेंझच्या संग्रहालयात एका मोटारीचा लिलाव झाला. मोटारीचे नाव ‘३०० एसएलआर उलेनहाउट कूपे’, जन्मवर्ष १९५५. अशा केवळ दोन मोटारी बनवल्या गेल्या होत्या. त्यांपैकी एक १३ कोटी ५० लाख युरोंना, म्हणजे हजार कोटी रुपयांहून अधिक किमतीला विकली गेली. लिलावातून आलेली रक्कम पर्यावरणशास्त्र आणि कार्बन उत्सर्जन घटवण्याच्या क्षेत्रातील शिष्यवृत्त्यांसाठी वापरली जाईल, असे कंपनीने जाहीर केले. या घोषणेत एक ऐतिहासिक योगायोग दडलेला होता, परंतु लिलावाच्या झगमगाटात त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

जुन्या मोटारींच्या चाहत्यांना कोणत्या गाडीचे स्वप्न पडते असे विचारले, तर काही नावे हमखास पुढे येतात. पंखांसारखी वर उघडणारी दारे असलेली १९५४ ची मर्सिडीज ३०० एसएल. शेपटीला अग्निबाणासारखे कल्ले असलेली १९५९ ची कॅडिलॅक. १९६१ च्या मार्च महिन्यात जिनिव्हाच्या प्रदर्शनात अवतरलेली जॅग्वार ई-टाइप. १९६२ ते १९६४ या काळात अवघ्या ३६ तयार झालेल्या फेरारी २५० जीटीओपैकी एखादी. ही यादी कितीही लांबवली, तरी तिच्यातील बहुतेक नावे दुसऱ्या महायुद्धाच्या समाप्तीपासून १९७१ च्या आसपासपर्यंतच्या पाव शतकात गोळा होतात. या काळाला मोटारींचा सुवर्णकाळ म्हणतात. युद्धोत्तर समृद्धी, स्वस्त तेल आणि प्रतिभावान आरेखनकार ही त्याची नेहमी सांगितली जाणारी कारणे. ती खरीच आहेत. मात्र या काळाच्या दोन्ही कडा कोठे पडतात, हे समजून घ्यायचे तर इंजिनाच्या आत, सिलिंडरमध्ये डोकवावे लागते.

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधनाचे मिश्रण दट्ट्याने दाबले जाते आणि मग ठिणगीने पेटवले जाते. मिश्रण मूळ आकारमानाच्या किती पट दाबले गेले, त्याला संपीडन गुणोत्तर म्हणतात. उष्मागतिकीचा नियम सांगतो, की हे गुणोत्तर जितके अधिक, तितकी इंजिनाची कार्यक्षमता अधिक. आदर्श इंजिनाचे गणित मांडले, तर गुणोत्तर ४ असताना उष्णतेच्या सुमारे ४३ टक्के भागाचे कार्यात रूपांतर होऊ शकते. गुणोत्तर ९ असताना तेच प्रमाण सुमारे ५८ टक्क्यांपर्यंत जाते. प्रत्यक्षातील आकडे याहून बरेच कमी असतात, परंतु दिशा तीच राहते. म्हणजे त्याच इंधनात अधिक शक्ती हवी असेल, तर मिश्रण अधिक दाबणे हा सरळ मार्ग.

या मार्गात एक अडथळा होता. वायू दाबला की तापतो. ठिणगीपासून निघालेली ज्योत सिलिंडरभर पसरण्याआधीच कोपऱ्यात उरलेले मिश्रण स्वतःहून भडकते, दाबाची लाट उसळते आणि धातूवर हातोडीचे घाव बसल्यासारखा आवाज येतो. यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. ते सतत होत राहिले, तर दट्ट्याला छिद्रही पडू शकते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास उपलब्ध असलेल्या पेट्रोलवर संपीडन गुणोत्तर साधारण ४ ते ५ च्या पुढे नेणे कठीण होते. वेगवान आणि बलवान मोटारीचे स्वप्न या ठोक्यांपाशी अडले होते.

अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधन विभागात चार्ल्स केटरिंग यांच्या मार्गदर्शनाखाली थॉमस मिजली या तरुण अभियंत्याने या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. एकामागून एक रसायने तपासल्यानंतर ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राइथाइल लेड हे शिशाचे संयुग प्रयोगशाळेतील इंजिनात वापरले गेले आणि ठोके थांबले. ज्वलनात या संयुगाचे विघटन होऊन शिशाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण तयार होतात. अकाली भडका उडवणाऱ्या रासायनिक साखळीतील क्रियाशील मूलके हे कण टिपून घेतात. त्यासाठी लागणारे प्रमाणही अत्यल्प होते: हजारांहून अधिक भाग पेट्रोलला संयुगाचा एक भाग पुरत असे. १ फेब्रुवारी १९२३ रोजी ओहायो राज्यातील डेटन येथे या पेट्रोलची पहिली विक्री झाली. पुढे त्याला ‘एथिल’ हे व्यापारी नाव मिळाले. त्या नावात शिशाचा उल्लेख नव्हता.

नॉकिंगवर दुसरा उपाय नव्हता असे नाही. अल्कोहोल मिसळल्यास ठोके थांबतात, हे याच संशोधकांना ठाऊक होते. मिजली यांनी अल्कोहोल-मिश्रित इंधनावर कामही केले होते. परंतु अल्कोहोल पेट्रोलमध्ये मोठ्या प्रमाणात मिसळावे लागे आणि ते कोणीही बनवू शकत असे. शिशाच्या मिश्रकावर मात्र स्वामित्वहक्क मिळत होता आणि प्रत्येक गॅलनमागे उत्पन्नाची हमी होती. निवड कोणत्या बाजूने झाली, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही.

शिसे विषारी असते, हे ज्ञान रोमन काळाइतके जुने आहे. १९२३ च्या प्रारंभी खुद्द मिजली यांना शिशाच्या बाधेमुळे विश्रांती घ्यावी लागली होती. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील तेलशुद्धीकरण केंद्रात या संयुगावर काम करणारे पाच कामगार उन्मादावस्थेत मरण पावले आणि अनेकांना रुग्णालयात हलवावे लागले. त्याच महिन्याच्या अखेरीस मिजली यांनी पत्रकारांसमोर ते द्रव हातांवर ओतून आणि त्याची वाफ हुंगून दाखवली. विक्री काही काळ थांबली. मे १९२५ मध्ये वॉशिंग्टन येथे सरकारने परिषद बोलावली. औद्योगिक विषबाधेच्या अभ्यासक अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी या इंधनाला स्पष्ट विरोध केला. नेमलेल्या समितीने काही महिन्यांत अडीचशेच्या आसपास लोकांची तपासणी केली आणि बंदी घालण्यास सबळ कारण दिसत नाही, असा निष्कर्ष काढला. मात्र वापर वाढल्यास परिस्थिती बदलू शकते, म्हणून दीर्घकालीन अभ्यास व्हावा, अशी पुस्तीही तिने जोडली. तो अभ्यास सरकारने केला नाही. पुढील चार दशके या विषयावरील संशोधन प्रामुख्याने उद्योगाच्या पैशावर आणि उद्योगाच्याच देखरेखीखाली चालले. धोका सिद्ध होईपर्यंत वस्तू सुरक्षित मानायची, हे तत्त्व त्यातून रूढ झाले.

आता त्या स्वप्नातील मोटारींकडे पुन्हा पाहावे. जॅग्वार ई-टाइपच्या ३.८ लिटर इंजिनाचे संपीडन गुणोत्तर ९ होते. १९५९ च्या कॅडिलॅकचे १०.५. त्यांची गुर्रावणारी शक्ती ही धातुकाम, इंधनपुरवठ्याची यंत्रणा आणि अभियंत्यांचे कौशल्य यांइतकीच टाकीतल्या शिशाची देणगी होती. इंजिनात शिशाचा थर साचू नये, म्हणून पेट्रोलमध्ये ब्रोमीन आणि क्लोरीनची संयुगे मिसळली जात. त्यामुळे शिशाचे बाष्पशील क्षार तयार होऊन धुराड्यावाटे निघून जात. म्हणजे शिसे हवेत मिसळणे हा अपघात नव्हता. इंजिन स्वच्छ राहावे यासाठी केलेली ती योजनाच होती.

ते शिसे जाते कोठे, याचा शोध वेगळ्याच प्रश्नाच्या मागे लागलेल्या एका भूरसायनशास्त्रज्ञाने लावला. क्लेअर पॅटरसन पृथ्वीचे वय मोजत होते. त्यासाठी अशनींमधील शिशाच्या समस्थानिकांचे प्रमाण अचूक हवे होते, पण प्रत्येक नमुना कोठून तरी आलेल्या शिशाने दूषित होत असे. हवा, धूळ, काचेची भांडी, माणसाची त्वचा, सर्वत्र शिसे होते. पॅटरसन यांनी त्या काळी अपूर्व अशी अतिस्वच्छ प्रयोगशाळा उभारली आणि १९५६ मध्ये पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचे प्रसिद्ध केले. हा आकडा आजही टिकून आहे. त्यानंतर त्यांनी त्या दूषणाकडेच मोर्चा वळवला. सागराच्या तळापेक्षा पृष्ठभागाजवळच्या पाण्यात शिसे कितीतरी अधिक होते. ग्रीनलँडच्या बर्फाच्या थरांत औद्योगिक युगाबरोबर, आणि विशेषतः विसाव्या शतकात, शिशाचे प्रमाण झपाट्याने चढत गेलेले दिसले. १९६५ मध्ये त्यांनी मांडले, की सामान्य माणसाच्या शरीरात आढळणारे शिसे ‘नेहमीचे’ असेल, पण नैसर्गिक नाही. याची किंमत त्यांना मोजावी लागली. तेल उद्योगाकडून मिळणारे अर्थसाहाय्य थांबले आणि १९७१ मध्ये हवेतील शिशाचा विचार करणाऱ्या राष्ट्रीय समितीत या विषयातील अग्रगण्य तज्ज्ञाला स्थान मिळाले नाही.

१९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी शाळकरी मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतील शिसे मोजले. ज्यांच्या दातांत शिसे अधिक, त्यांची बुद्धिमापन चाचणीतील आणि वर्गातील एकाग्रतेची कामगिरी कमी, असे आढळले. यांपैकी कोणतेही मूल आजारी म्हणून रुग्णालयात आलेले नव्हते.

विशेष हे, की शिशाच्या पेट्रोलचा अंत प्रथम विषबाधेमुळे सुरू झाला नाही. धुरक्यावर उपाय म्हणून १९७५ पासून अमेरिकी मोटारींत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागले आणि त्यांतील प्लॅटिनमचा थर शिशाने निकामी होत असे. कन्व्हर्टर वाचवण्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आले. त्याच्या तयारीत जनरल मोटर्सने १९७१ पासूनच आपल्या इंजिनांचे संपीडन गुणोत्तर घटवले आणि मोटारींची शक्ती उतरली. चाहते ज्या वर्षाच्या आसपास सुवर्णकाळाची सीमारेषा ओढतात, ते वर्ष हेच. १९७६ ते १९८० या काळात अमेरिकेत पेट्रोलमधील शिसे घटले, तसे लोकांच्या रक्तातील शिशाचे सरासरी प्रमाणही सुमारे ३७ टक्क्यांनी उतरले. वेगळा पुरावा मागण्याची गरज मग उरली नाही.

भारतात हा बदल न्यायालयाच्या दारातून आला. एम. सी. मेहता यांच्या जनहित याचिकेवरील सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने वाहनांच्या धुराचा प्रश्न हाती घेतला. १९९४ मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या महानगरांत कमी शिशाचे पेट्रोल आले. एप्रिल १९९५ पासून तेथील नव्या मोटारींना कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल अनिवार्य झाले. आणि २००० च्या प्रारंभी देशभरातील पेट्रोल शिसेविरहित झाले. उत्तरपाड्यात तयार होणारी अ‍ॅम्बॅसेडर आणि मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी या तोवरच्या भारतीय रस्त्यांच्या ओळखी. आज त्याही संग्राहकांच्या स्वप्नात जाऊन बसल्या आहेत. जुन्या इंजिनांच्या मऊ बिडाच्या व्हॉल्व्ह सीटवर शिशाचा थर वंगणासारखा काम करत असे. तो गेल्यावर त्या झिजू लागल्या. कठीण धातूच्या सीट बसवणे, हा त्यावरचा उपाय जगभरचे कारागीर आजही करतात. मोटारीला इलाज सापडला. बालपणी शिशाने झालेली मेंदूची हानी मात्र भरून येत नाही.

जगाच्या पाठीवर मोटारींसाठी शिशाचे पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया होता. तेथील विक्री जुलै २०२१ मध्ये थांबली. त्याच महिन्यात भारत सरकारने ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी देणारे नियम जाहीर केले. त्या वाहनांचा रोजच्या वा व्यावसायिक वाहतुकीसाठी वापर करता येत नाही. प्रदर्शने, फेऱ्या अशा प्रसंगीच ती रस्त्यावर येतात. वारसा जपण्याचा आणि हवा जपण्याचा हा समतोल वाजवी आहे.

आणि आता शंभर वर्षांपूर्वी बाजूला सारलेला पर्याय परतला आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये बेंगळुरू येथून २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल देशात उपलब्ध होऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र पोहोचले. इथेनॉलचा ऑक्टेन अंक १०८ च्या घरात असल्याने नॉकिंगला ते उत्तम उत्तर आहे. पण दर लिटरमागे त्यातील ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी असते आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप व सील त्याला तोंड देऊ शकतीलच असे नाही. जुन्या पेट्रोल गाड्यांच्या मायलेजमध्ये ६ ते ७ टक्के घट होऊ शकते, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच नमूद होते. याखेरीज उसाचे पाणी आणि धान्याची जमीन हे प्रश्न आहेतच. इथेनॉल म्हणजे शिसे नव्हे. दोहोंची तुलना विषारीपणात होऊ शकत नाही. परंतु १९२५ च्या समितीने सुचवलेला आणि कधीच न झालेला दीर्घकालीन, स्वतंत्र अभ्यास मात्र प्रत्येक नव्या इंधनाला लागू पडतो.

शिशाची कहाणीही पेट्रोलपंपावर संपलेली नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार, रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम वा त्याहून अधिक शिसे असलेली मुले जगभरात सुमारे ८० कोटी असू शकतात आणि त्यांतली सुमारे साडेसत्तावीस कोटी भारतात आहेत. आजच्या मुख्य स्रोतांपैकी एक म्हणजे जुन्या बॅटऱ्या फोडून उघड्यावर शिसे वितळवणाऱ्या भट्ट्या. ही बॅटरी १९५९ च्या कॅडिलॅकमध्ये असते, तशीच कालच खरेदी केलेल्या गाडीतही असते. २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. त्या अधिकृत केंद्रात पोहोचतात की वस्तीतल्या भट्टीत, हे मात्र त्या कोणाच्या हाती सोपवल्या जातात यावर ठरते.