कोण पुढे आहे?

१९८२चे दिल्ली एशियाड म्हटले की माझ्या पिढीला अप्पू हत्ती आठवतो, रंगीत दूरदर्शन आठवते आणि हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून झालेला १-७ असा पराभव आठवतो. त्या स्पर्धेत भारताला १३ सुवर्णपदके मिळाली. त्यातले एक मुंबईच्या समुद्रावर मिळाले, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. दिल्लीला समुद्र नाही, म्हणून शिडाच्या होड्यांच्या शर्यती मुंबईत झाल्या. त्यांतल्या ‘फायरबॉल’ प्रकारात फारोख तारापोर आणि झरीर करंजिया ही जोडी पहिली आली. शीळफाट्यावरच्या चहाच्या टपरीवर मी ही नावे अनेकांना विचारली आहेत. आजवर एकालाही सांगता आलेली नाहीत.

मुंबईत झालेला विजय मुंबईच्या आसपासच्या माणसांनाही का आठवू नये? ‘श्रीमंतांचा खेळ’ हे उत्तर पटकन सुचते आणि ते अर्धे खरेही आहे. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६चा. शिडाच्या शर्यती दीर्घकाळ साहेबांच्या आणि मोजक्या घराण्यांच्या राहिल्या. पण पाण्यावरची शर्यत आपल्या लोकांना आवडत नाही, असे मुळीच नाही. सांगलीत कृष्णेच्या पात्रात वल्ह्यांच्या होड्या पळतात तेव्हा घाट आणि आयर्विन पूल माणसांनी भरून जातात. तिथे दोन गोष्टी लहान पोरालाही कळतात : कोणती होडी पुढे आहे आणि ती कोणाची आहे.

शिडाच्या शर्यतीत नेमक्या याच दोन गोष्टी कळत नाहीत. होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. वाऱ्याकडे जायचे तर तिला एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, नागमोडी वाट कापावी लागते. एक होडी डाव्या टोकाला, दुसरी उजव्या टोकाला. दोघींच्या वाटा एकमेकींना छेदतात तेव्हाच पुढची कोण ते उमगते, आणि तोवर वारा बदलला तर हिशेबही बदलतो. जुन्या तांडेलाला हे शिडाच्या पोटावरून आणि पाण्याच्या रंगावरून वाचता येते. धक्क्यावर उभ्या असलेल्या बाकीच्यांना दिसतात ती फक्त दूरवरची पांढरी त्रिकोणी शिडे आणि त्यांवरचे आकडे. फायरबॉल ही काही संथ होडी नव्हे. पीटर मिल्न यांनी १९६२मध्ये आखलेली ही दोघांची सपाट, हलकी होडी. तिच्यातला एक जण डोलकाठीच्या तारेला लटकून पाण्यावर झोकून देतो. कसरत अवघड, वेगही भरपूर. पण शर्यत लांबवर असेल तर तो थरार काठापर्यंत पोचत नाही.

या अडचणीवर एका दुकानदाराने फार पूर्वी उपाय शोधला होता. सिडनीचे व्यापारी मार्क फॉय यांनी १८९१मध्ये ‘सिडनी फ्लाइंग स्क्वाड्रन’ हा क्लब काढला. गिऱ्हाइकाला माल दिसला पाहिजे, हे दुकानदाराला सांगावे लागत नाही. त्यांनी शर्यतीचा मार्ग काठावरून दिसेल असा ठेवला. शिडांवर आकड्यांऐवजी ठळक रंगीत चिन्हे काढली. पूर्वी संथ होडीला सवलतीची मिनिटे शर्यत संपल्यावर मिळत. विजेता कागदावर ठरे. फॉय यांनी ती सवलत सुरुवातीलाच दिली. संथ होडी आधी सुटे, वेगवान होडी मागून पाठलाग करी आणि जी पहिली पोचेल ती जिंकलेली. अठरा फुटी होड्यांच्या या शर्यतींमागे बोटी भरभरून प्रेक्षक जाऊ लागले, त्या बोटींवर पैजा लागू लागल्या. जुन्या क्लबांनी नाके मुरडली, गर्दी मात्र वाढत गेली.

याच अठरा फुटी होड्यांच्या परंपरेत वाढलेले ज्युलियन बेथवेट यांनी पुढे ‘फोर्टीनाइनर’ आखली. लांबी ४.९९ मीटर, म्हणून हे नाव. तिच्यात दोघेही तारेला लटकतात आणि जरा चूक झाली की होडी कलंडते. २०००च्या सिडनी ऑलिंपिकपासून ती ऑलिंपिकमध्ये आहे. २००८मध्ये चीनच्या चिंगदाओला अंतिम शर्यतीच्या तोंडावर डेन्मार्कच्या जोडीची डोलकाठी मोडली. त्यांनी क्रोएशियाची होडी उसनी घेतली, सुरुवातीची मुदत संपता संपता रेषा ओलांडली आणि उसळत्या समुद्रात होड्या उलथत असताना सातवे येऊनही एकूण गुणांवर सुवर्ण पटकावले. २०१३च्या अमेरिका चषकात स्टॅन हनी यांच्या चमूने दूरचित्रवाणीच्या चित्रात थेट पाण्यावरच रेषा उमटवल्या आणि कोण किती पुढे हे घरबसल्या दिसू लागले. फॉय यांनी रंगाने साधले तेच इथे संगणकाने साधले.

आपल्याकडे काय? २०१८च्या आशियाई स्पर्धेत वर्षा गौतम आणि मुंबईची श्वेता शेर्वेगर यांनी ‘फोर्टीनाइनर एफएक्स’मध्ये रौप्य मिळवले. ही नावेही मी टपरीवर विचारून पाहिली. उत्तर तेच.

आणि तरी मुंबईकडे अपोलो बंदराचा कठडा आहे, रविवारी तिथे आयती गर्दी असते, पावसाळा सरला की दुपारी समुद्रावरून वाराही येतो. गलबते आणि लाँचेस यांच्या वाटेत न येता, कठड्याला समांतर, आखूड मार्गावर पाच-सात होड्या पळवणे अशक्य नाही. पण नुसते दिसून भागणार नाही. सांगलीचा माणूस ऊन खात घाटावर उभा राहतो, कारण होडी सांगलीवाडीची असते किंवा कसबे डिग्रजची असते. मुंबईच्या शिडांवर वरळी, वेसावे, उत्तन, करंजा अशी नावे रंगवली आणि होडीत त्या कोळीवाड्यांतली पोरे असली, तर काठावरून पहिली हाक कोण देईल हे सांगायला नको. त्यांच्या आज्यांनी शिडावरच मासेमारी केली होती. नातवंडांना यंत्राचा आवाज तेवढा माहीत आहे.

तारापोर-करंजिया यांचे सुवर्ण विसरले गेले यात त्यांच्या कौशल्याची उणीव नव्हती. काठावरच्या माणसाला कोणी विचारात घेतले नव्हते, एवढेच.