मामाजींचं इमान

ऑगस्ट २०२१ मध्ये पेपरात फुलसावंगीची बातमी वाचली अन् हातातला चहा तसाच थंड झाला. महागाव तालुक्यातलं फुलसावंगी म्हणजे आमच्याच यवतमाळ जिल्ह्याचं खालचं टोक. तिथला शेख इस्माईल शेख इब्राहिम, गाव ज्याला मुन्ना म्हणे, वय चोवीस, शिक्षण आठवी, धंदा वेल्डिंगचा. मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून त्यानं एक माणूस बसेल असं हेलिकॉप्टर उभं केलं होतं. इंजिन मारुती ८०० चं. पंधरा ऑगस्टला लोकांना दाखवायचं होतं. त्याच्या थोडेच दिवस आधी, रात्री चाचणी घेताना मागचा पंखा तुटला, वरच्या मोठ्या पंख्यावर आदळला, अन् तो पंखा पोराच्या डोक्याला लागला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. पोरगं गेलं.

पारावर दोन तऱ्हेची बोलणी झाली. कोणी म्हणे, मोठा शास्त्रज्ञ गेला. कोणी म्हणे, कायले करा असे उद्योग? मी काहीच बोललो नाही. मला माझे मामाजी आठवत होते. तेही जन्मभर विमानंच बनवत राहिले, पण त्यांची विमानं दोन हातात मावणारी.

मामाजी म्हणजे मायचे धाकटे भाऊ. दारव्ह्याला जिनिंगमध्ये फिटर होते. मॅट्रिक झाल्यावर एक वर्ष नागपूरला कॉलेजात गेले, तिथं एन.सी.सी.च्या एअर विंगमध्ये लहान विमानं बनवायला शिकले. वर्ष संपता संपता आमचे आजोबा वारले. कॉलेज सुटलं, तीन बहिणींची लग्नं अंगावर आली, अन् विमान बनवायचा नाद तेवढा सोबत आला. गावात विमानाला इमान म्हणत. मामाजी रस्त्यानं दिसले की पोरं ओरडत, "इमानवाले मामा आले!"

आमचं गाव नेर तालुक्यात. उन्हाळ्यात अंगणात बाजेवर निजलो की रात्री उत्तरेकडून घरघर ऐकू ये, अन् एक लुकलुकता दिवा उगवतीकडे सरकत जाय. मामाजी आलेले असले की मला उठवून दाखवत.

"ते टपालाचं इमान होय. मुंबईहून नागपूरले चाल्लं."

१९४९ पासून देशात रात्रीची हवाई टपाल सेवा होती. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, चारही दिशांची विमानं रात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत अन् पहाटेपर्यंत माघारी पोचत. नागपूर देशाच्या मधोमध, म्हणून हा मान. मामाजी म्हणत, "साऱ्या देशाच्या चिठ्ठ्या रोज राती आपल्या विदर्भात भेटतात, अन् आपण घोरत राह्यतो!"

त्यांचं पहिलं विमान मी हातात धरलं ते पांगाऱ्याचं. विलायतेत यासाठी बाल्सा नावाचं हलकं लाकूड वापरतात; ते दारव्ह्यात कुठलं? पांगारा हलका, चाकूनं सहज कापला जातो. सावंतवाडीचे कारागीर त्याचीच खेळणी करत आले. पांगाऱ्याचा सांगाडा, वर पतंगाचा कागद, चिकटवायला मैद्याची खळ. कागद वाळला की मामाजी तोंडात पाणी घेऊन त्यावर बारीक फवारा मारत. ओला कागद लोंबायचा, पाहून मला रडू ये. पण वाळता वाळता तो आकसून ढोलकीच्या पानासारखा ताठ होई. नाकाला पंखा, आत सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या. पंखा बोटानं दीडशे-दोनशे वेळा फिरवला की रबराला पीळ बसे, अन् तो पीळ सुटता सुटता विमान घरावरून जाय.

तोल मात्र ते असा समजावत की शाळेत कोणी समजावला नसता. पंखाच्या रुंदीचे तीन भाग करायचे, पुढून पहिला भाग संपतो तिथं खालून दोन बोटं टेकवायची. विमान सरळ राहिलं तर बरोबर.

"गाडी उलाळ भरली तं काय होते?"

"बैलाच्या गळ्याले फास बसते."

"अन् धुरजड भरली तं?"

"मानेवर येते."

"मंग हे बी तसंच. मांगून जड असलं तं नाक वर करून पडते, नाकात जड असलं तं सरळ ढेकळात घुसते."

शेपूट जड निघालं की ते नाकात शिशाचा एवढासा तुकडा बसवत. नंतर पुस्तकात हेच वाचलं तेव्हा मला नवं काही वाटलं नाही.

अमेरिकेच्या राइट बंधूंची गोष्ट मी त्यांच्याच तोंडून ऐकली. १८७८ साली त्यांच्या वडिलांनी घरी एक खेळणं आणलं: बांबू, बुचाचं लाकूड, कागद अन् पिळाचं रबर. थोरला अकरा वर्षांचा, धाकटा सात. खेळणं छतापर्यंत उडालं, मोडलं, पोरांनी दुसरं केलं. पुढं दोघांनी सायकलीचं दुकान घातलं, अन् १७ डिसेंबर १९०३ ला त्यांचं विमान १२ सेकंद उडालं, १२० फूट. "आपल्या वखराच्या तासाएवढं बी नाही," मामाजी म्हणत, "पण त्याआंधी त्याइनं पतंग उडवले, बिनइंजिनाचे सांगाडे उडवले, डब्बा करून त्यात पंख ठेवून हवा सोडून पाह्यली. चार वर्सं. मंग इंजिन लावलं."

कोणी म्हणालं की पहिलं विमान तर आपल्या तळपद्यांनी १८९५ ला मुंबईच्या चौपाटीवर उडवलं, की मामाजी हसत. शिवकर बापूजी तळपदे होते, त्यांना ध्यास होता, हे खरं. पण ते विमान उडाल्याचा त्या काळचा भक्कम पुरावा नाही, अन् जो विमानशास्त्राचा ग्रंथ लोक पुढं करतात त्यातली यंत्रं उडू शकत नाहीत, असं बंगलोरच्या विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९७४ ला तपासून सांगितलं. "उडालं असतं तं मलेच सगळ्यात जास्त आनंद झाला असता," एवढंच ते बोलत.

मग त्यांच्याकडे इंजिन आलं. मुठीत मावणारं डिझेलचं इंजिन, पैसे साठवून साठवून घेतलेलं. त्याला रॉकेल, ईथर अन् एरंडीचं तेल लागे. चालू झालं की एरंडीचा वास सुटे, गाडीच्या आखासारखा. पऱ्हाटी उपटल्यावर रिकाम्या वावरात मामाजी मधे उभे राहत, हातात मूठ, मुठीपासून विमानापर्यंत दोन बारीक तारा. मूठ कलवली की विमान वर-खाली होई, अन् त्यांच्याभोवती गोल गोल फिरे. आमचे बाबा म्हणाले, "ही तं मळणी झाली, फक्त बैलासंगं मेढ बी फिरून राह्यली." उतरल्यावर मामाजींना घेरी ये, अन् आम्ही पोरं त्यांना धरून बसवत असू.

त्या वावरात त्यांचा एक नियम होता. ते चुन्यानं रिंगण आखत. इंजिन चालू झाल्यावर रिंगणाच्या आत कोणी नाही. अन् पंख्याच्या रेषेत तर कधीच नाही, ना समोर, ना बाजूला. एकदा मी विमान धरायला आत धावलो. आयुष्यात त्यांनी मला एकदाच मारलं, ते त्या दिवशी. संध्याकाळी जवळ घेऊन म्हणाले, "पंखा तुटला तं कुठं जाईन हे त्याले बी माहीत नसते."

१९७२ चा दुष्काळ पडला. रेशनवर लाल मिलो मिळे, ती भाकर गळ्याखाली उतरत नसे. एक दिवस मामाजी आमच्याकडे पांढऱ्या ज्वारीचं पोतं टाकून गेले. पुढच्या उन्हाळ्यात मी विचारलं, मामाजी, इंजिनाचं विमान? म्हणाले, "बिघडलं लेका, पार्ट भेटत नाही." मी मानलं. फिटर माणसाला चार वर्षांत पार्ट का करता येऊ नये, हा विचार माझ्या मनात कधी आला नाही. मी १९७५ ला दहावी झालो, वावरात लागलो. मामाजी रबराची विमानं करत राहिले. दर तान्ह्या पोळ्याला लाकडी बैलांच्या रांगेत आमच्या घरचं एक पोर चाकावरचं विमान ओढत जाय. आधी मी, मग माझी मुलं, मग नातू. लोक हसत, खाऊ देत.

२०१४ ला मामाजी गेले. तेराव्याला मामीनं माळ्यावरची पेटी काढून दिली. त्यात अकरा विमानं, शिशाचे तुकडे, दोन तारा अन् ती मूठ. मी म्हणालो, इंजिन कुठं आहे? मामी म्हणाली, "ते दुष्काळाच्या साली नागपूरले इकलं ना. तुमच्या घरची ज्वारी त्याचीच व्हती. तुह्या मायले सांगू नको म्हणे." माय तोवर गेलेली होती. मी कोणाला काय सांगणार?

फुलसावंगीच्या पोराबद्दल म्हणून मला पारावर बोलवलं नाही. त्याच्या हाताला कसब होतं, हिंमत होती. मुंबईत कॅप्टन अमोल यादव यांनी घराच्या गच्चीवर विमान बांधलं अन् २०१६ ला ते साऱ्या देशानं पाहिलं, पण ते स्वतः वैमानिक, अन् त्यांनाही परवानगीसाठी वर्षानुवर्षं चकरा माराव्या लागल्या. वेल्डिंगच्या दुकानातल्या पोराला कोणाकडे जावं हे तरी कोण सांगणार? त्याला एक मामाजी भेटायला पाहिजे होते. आधी लहान कर म्हणणारे, रिंगण आखणारे, वेळ पडली तर एक थापड देणारे.

बातमी वाचली त्या वर्षी पऱ्हाटी उपटल्यावर मी गावातल्या सात-आठ पोरांना वावरात नेलं. पेटीतलं एक विमान काढलं. जुन्या ट्यूबचं रबर कुजलं होतं, नवं कापून लावलं. रबराच्या विमानाला रिंगण लागत नाही, तरी चुन्याची फक्की घेऊन आधी रिंगण आखलं. नातू म्हणाला, "आबा, याले कायले पाह्यजे?"

मी म्हणालो, "आखून तं घेऊ."