अ क्लॉकवर्क ऑरेंज (कादंबरी)

'अ क्लॉकवर्क ऑरेंज' ही इंग्लिश लेखक अँथनी बर्जेस (१९१७–१९९३) यांची इ.स. १९६२ मध्ये लंडन येथे प्रकाशित झालेली कादंबरी होय. नजीकच्या भविष्यकाळातील एका शहरात वाढणाऱ्या हिंस्र किशोराची ही कथा त्याच्याच निवेदनातून उलगडते. माणसावर चांगुलपणा लादता येतो काय, हा तिचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये बर्जेस यांच्या पत्नीवर सैनिकांच्या टोळक्याने हल्ला केला होता. त्याची छाया कादंबरीतील एका प्रसंगावर पडली आहे. युद्धोत्तर ब्रिटनमधील तरुणांच्या टोळ्या आणि इ.स. १९६१ च्या लेनिनग्राड भेटीत पाहिलेले तेथील उनाड युवक यांचाही तिच्या घडणीत वाटा आहे.

कथानक

कथेच्या आरंभी ॲलेक्स १५ वर्षांचा आहे. पीट, जॉर्जी व डिम या साथीदारांसह तो रात्री मारहाण, लूट व बलात्कार करतो. घरी परतल्यावर मात्र बीथोव्हेनच्या संगीतात रमतो. एका वृद्धेच्या खुनानंतर साथीदार त्याला पोलिसांच्या हाती सोडून पळतात. तुरुंगातून लवकर सुटण्यासाठी तो 'लुडोव्हिको' उपचारपद्धती स्वीकारतो. औषध टोचून हिंसेची दृश्ये दाखवल्यामुळे पुढे हिंसेच्या विचारानेही त्याला मळमळू लागते. त्या दृश्यांना पाश्चात्त्य अभिजात संगीताची साथ असल्याने तेही त्याला असह्य होते. ज्याला निवड करता येत नाही तो माणूस उरतो काय, अशी शंका तुरुंगातील धर्मगुरू उपस्थित करतो.

भाषा

ॲलेक्सची टोळी 'नॅडसॅट' ही बोली बोलते. रशियन भाषेत ११ ते १९ या संख्यावाचक शब्दांच्या अंती येणाऱ्या प्रत्ययावरून हे नाव घेतले आहे. 'द्रूग' (मित्र), 'मोलोको' (दूध) अशा रशियन शब्दांनी ती भरलेली आहे. या अपरिचित शब्दांमुळे वाचक आणि क्रौर्य यांच्यामध्ये एक पडदा राहतो. त्याच वेळी वाचक नकळत त्या टोळीची भाषा शिकतो.

एकविसावे प्रकरण

कादंबरीचे प्रत्येकी ७ प्रकरणांचे ३ भाग आहेत. त्या काळी इंग्लंडमध्ये सज्ञान होण्याचे वय २१ असल्याने बर्जेस यांनी २१ ही प्रकरणसंख्या हेतुपूर्वक योजली होती. विसाव्या प्रकरणाच्या शेवटी उपचारांचा प्रभाव नाहीसा होऊन ॲलेक्स पुन्हा हिंसेची स्वप्ने पाहू लागतो. एकविसाव्या प्रकरणात १८ वर्षांच्या ॲलेक्सला या जीवनाचा कंटाळा येतो. विवाहित, स्थिरावलेल्या पीटशी भेट झाल्यावर तो स्वतःच्या संसाराची कल्पना करू लागतो. आपला मुलगाही याच वाटेने जाईल आणि आपण त्याला रोखू शकणार नाही, हेही त्याला जाणवते.

अमेरिकन आवृत्तीतून हे प्रकरण वगळण्यात आले. पैशांच्या गरजेमुळे ही अट मानावी लागली, असे बर्जेस सांगत. ती अट नव्हे, केवळ सूचना होती, असे प्रकाशनसंस्थेच्या संपादकांचे म्हणणे होते. इ.स. १९८६ मध्ये ते प्रकरण तेथे पुन्हा समाविष्ट झाले. त्याच्याविना ही कथा न सुधारणाऱ्या दुष्टतेची ठरते. त्यासह ती वयात येण्याची कथा होते, कारण ॲलेक्समधील बदल उपचारांनी नव्हे, तर वाढत्या वयाने घडतो.

चित्रपट

स्टॅन्ली कुब्रिक यांनी इ.स. १९७१ मध्ये कादंबरीवर त्याच नावाचा चित्रपट काढला. त्याचा शेवट अमेरिकन आवृत्तीप्रमाणे आहे. तरुणांच्या काही गुन्ह्यांशी चित्रपटाचा संबंध जोडला गेल्यानंतर कुब्रिक यांच्या इच्छेनुसार इ.स. १९७३ मध्ये ब्रिटनमधील त्याचे प्रदर्शन थांबवण्यात आले. ते त्यांच्या मृत्यूनंतरच पुन्हा सुरू झाले. चित्रपटाच्या प्रसिद्धीमुळे आपले हेच पुस्तक सर्वाधिक ओळखले जाते, याबद्दल बर्जेस यांनी पुढे नाराजी व्यक्त केली.