बैल गाडीत कधीपासून बसायला लागला?

राजेहो, मागच्या हप्त्यात एका भावानं विचारलं, "जोडी न्यायले पिकअप घेऊ का ट्रॉली?" उत्तर लिहायला बसलो आणि गोष्ट दोनशे वर्षं मागं गेली. म्हणून आज फवारणीवर नाही, यावर लिहितो.

आपल्या वऱ्हाडात आधी बैल गाडीत बसत नव्हता, बैलच गाडी होता. रेल्वे यायच्या आधी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून पार गंगेकाठच्या मिर्झापूरला जायचा. जवळपास ५०० मैल. बंजाऱ्यांचे तांडेच्या तांडे चालायचे. १८२५-२६ च्या सुमारास विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी या पारशी भावांनी वऱ्हाडचा कापूस मुंबईकडं न्यायला सुरुवात केली, तोही बैलांच्याच जिवावर. पुढं १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली तेव्हा लांबचं ओझं बैलाच्या पाठीवरून उतरलं. बंडी मात्र वावर ते स्टेशन चालूच राहिली. आपला गवळाऊ बैल तर हलका, पायानं चपळ. मराठी फौजेनं सामान वाहायला त्याचा वापर केला तो उगाच नाही.

आता गंमत पाहा. इकडं बैल कापूस घेऊन मिर्झापूरची वाट तुडवत होते, त्याच काळात, १८३६ साली, इंग्लंडात लॉर्ड जॉर्ज बेंटिंक नावाच्या माणसानं उलटंच केलं. त्याचा एलिस नावाचा घोडा शर्यतीसाठी गुडवुडहून डॉनकास्टरला न्यायचा होता, अंतर चारशे किलोमीटरच्या घरात. तेव्हा शर्यतीचा घोडा पायीच जायचा, पंधरवडा लागायचा. लोकांनी धरून चालले की हा काही वेळेवर पोचत नाही. बेंटिंकनं आतून गादी लावलेली गाडी बनवून घेतली, एलिसला आत उभं केलं आणि गाडी ओढायला दुसरे घोडे जुंपले. एलिस ताजातवाना उतरला आणि सेंट लेजर शर्यत जिंकला! विलायतेत घोड्यासाठी जी खास ट्रेलर दिसते, मधे आडणी, मागं उतरती फळी, तिचा जुना पूर्वज ही गाडी.

आमच्याकडं ही अक्कल उशिरा आली, आणि मला तर नुकसान झाल्यावर आली. २००८ साली चैतात बाजारातून एक बैल घेतला. छोटा ट्रक भाड्यानं केला. फाळक्यातून कसाबसा चढवला, रस्त्याला आडवा बांधला. भाडं वसूल व्हावं म्हणून मीच सोबत ढेपीची पोती आणि कुटाराचे बोरे टाकले. खाली नुसता लोखंडी पत्रा, त्यात बैल मुतला. मुर्तिजापूरच्या अलीकडं गतिरोधकावर ड्रायव्हरनं ब्रेक मारला आणि बैल घसरला, वरून पोती त्याच्यावर. मागचा पाय फऱ्यातून गेला. बाबा कोठ्यात त्याच्याजवळ रात्रभर बसले. सकाळी एवढंच म्हणाले, "पोतं महाग होतं का रे बैल?" त्या वर्षी पेरणी दुसऱ्याच्या जोडीवर केली. तो बैल पुन्हा औताला लागला नाही.

नंतर कळलं, हे सगळं १९७८ च्या जनावर वाहतुकीच्या नियमात लिहूनच ठेवलंय. गाडीत खाली घसरू नये म्हणून काथ्याची चटई किंवा लाकडी फळ्या, बाजू बुटक्या असतील तर उंच करा, सहाच्या वर गुरं नको, सोबत एक माणूस, दुसरा माल अजिबात नको, आणि शक्यतो जनावराचं तोंड इंजिनाकडं. मी त्यातला जवळपास प्रत्येक नियम मोडला होता.

२०१४ च्या ७ मेला सुप्रीम कोर्टानं पट बंद केले. १६ डिसेंबर २०२१ ला परत परवानगी मिळाली आणि पुतण्याच्या अंगात तळेगाव दशासर संचारलं. "काका, आपली जोडी पटाले नेऊ." म्हणलं, आधी गाडी पाहू.

ट्रॅक्टरची ट्रॉली पहिल्यांदा बाद केली. बहुतेक ट्रॉल्यांना पाटे नसतात, ब्रेक नसतो, प्रत्येक खड्डा बैलाच्या खुरात जातो. मग जुन्या पिकअप पाहिल्या. इथं टेप घेऊन जा. केंद्राच्या मोटार नियमात २०१६ पासून जनावराच्या गाडीत कायमच्या आडण्या सांगितल्यात, गाय-म्हशीला २ चौरस मीटर, घोड्याला २.२५. तोच हिशोब बैलाला धरला, म्हणजे जोडीला ४ चौरस मीटर, साधारण ४३ चौरस फूट. आठ बाय पाचचा हौदा ४० फूटच भरतो, तो सोडून दिला. नऊ बाय साडेपाचचा घेतला. रंग पाहू नका, खाली झोपून चेसीस पाहा, पाटे मोजा, हौद्याच्या कोपऱ्यात खिळा टोचून गंज पाहा. एका गाडीत खिळा आरपार गेला, मालक दुसरीकडं पाहायला लागला. कागद आणि परवान्याचं आरटीओत जाऊनच विचारा, एजंटाच्या तोंडावर जाऊ नका.

खर्च तिथं संपत नाही. बाभळीच्या फळ्या, वर काथ्याची चटई, मधे पाइपाची आडणी, बाजूला जुन्या गोणपाटाची गादी. चढवायला आम्ही गाडी धुऱ्याला लावतो, फाळका धुऱ्यावर टेकतो आणि बैल चालत आत जातो. पहिले आठ दिवस नुसतं चढव-उतर केलं, गाडी सुरूच केली नाही. गावातले हसले.

तळेगावला जोडीचा नंबर काही लागला नाही. पण उतरल्या उतरल्या दोघांनी कुटारात तोंड घातलं. परत येताना पुतण्या म्हणे, गाडी अर्धी रिकामी आहे, धामणगावहून चार पोती टाकू का. मी काहीच बोललो नाही, त्यानंच फाळका लावला.