संततिनियमनाचा १९३८ चा ठराव : एक दुरुस्ती

सन १९३८ मध्यें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत संततिनियमनाचें विधेयक आणलें, असें विधान लेखांतून व व्याख्यानांतून वारंवार आढळतें. तें गौरवाच्या हेतूनें केलेलें असतें. पण यथार्थ नाहीं. १० नोव्हेंबर १९३८ रोजीं सभागृहापुढें आलें तें विधेयक नव्हे, तो बिनसरकारी ठराव होता. तो मांडला स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद पी. जे. रोहम यांनीं, डॉ. आंबेडकर त्या दिवशीं उपस्थित नसल्यामुळें त्यांचें भाषण रोहम यांनींच वाचून दाखविलें. ही दुरुस्ती कोणास क्षुल्लक वाटेल. परंतु राज्यसत्ता, सार्वजनिक पैसा आणि स्त्रीची इच्छा या तिहींचा संबंध समजून घ्यावयाचा तर तिच्यावांचून गत्यंतर नाहीं, असें आम्हांस वाटतें.

विधेयक संमत झालें म्हणजे त्याचा कायदा होतो व तो प्रजेस बांधतो. ठराव सरकारास शिफारस करतो. प्रस्तुत ठरावांत मागण्या दोनच होत्या : सरकारनें जनसामान्यांत संततिनियमनाचा जोरानें प्रचार करावा, आणि त्यासाठीं पुरेशा सोयी उपलब्ध करून द्याव्या. सोयी म्हणजे दवाखाने, साधनें व तीं समजावून सांगणारीं माणसें. अर्थात् खजिन्यांतून खर्च. कोणावर सक्ती करावी असें त्यांत एक अक्षरहि नाहीं. मागणें सरकारापाशीं होतें, प्रजेपाशीं नव्हे. ठरावाच्या बाजूनें ११ व विरुद्ध ५२ मतें पडून तो फेटाळला गेला.

त्या काळची परिस्थिति ध्यानीं घेतल्यास ११ हा आंकडाहि थोडा वाटत नाहीं. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ मध्यें मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें, १९२३ मध्यें त्या विषयावर पुस्तक लिहिलें, आणि १९२५ मध्यें विल्सन कॉलेजांतील गणिताची प्राध्यापकी त्यांच्या हातची गेली. १९२७ च्या जुलैंत त्यांनीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलें. अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांच्यावर खटले झाले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यांत त्यांचे वकील स्वतः डॉ. आंबेडकर होते, तथापि निकाल विरुद्धच गेला. म्हणजे कायद्याचा या विषयाशीं पहिला संबंध आला तो साहाय्यकर्ता म्हणून नव्हे, प्रतिबंधक म्हणून. उलट म्हैसूर संस्थानानें १९३० मध्येंच सरकारी रुग्णालयांत संततिनियमनाचीं केंद्रें मंजूर केलीं होतीं, आणि अखिल भारतीय महिला परिषदेनें १९३२ च्या लखनौ येथील अधिवेशनांत या शिक्षणास अनुकूल ठराव केला होता. याच्या विरुद्ध बाजूस महात्मा गांधींचा कृत्रिम साधनांस असलेला विरोध सर्वश्रुत होता. आणि १९३८ मध्यें मुंबई प्रांतांत बाळासाहेब खेर यांचें काँग्रेस मंत्रिमंडळ होतें.

संततिनियमन धर्मबाह्य आहे, असा एक आक्षेप तेव्हां घेतला जाई. आम्हीं आयुष्यभर मुलांस संस्कृत शिकविलें, म्हणून याविषयीं दोन शब्द लिहितों. बृहदारण्यकोपनिषदाच्या सहाव्या अध्यायांतील चौथ्या ब्राह्मणांत, गर्भ राहूं नये अशी इच्छा असेल तर काय करावें याचा विधि सांगितला आहे. त्या विधीचा गुण कितपत, हा प्रश्न वेगळा. ती इच्छा मनांत येणेंच पाप होय असें मात्र उपनिषत्काराला वाटलेलें नाहीं. पण त्याच वाक्यांत दुसरीहि एक गोष्ट दिसते व ती आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. इच्छा करणारा कर्ता तेथें पुरुष आहे. गर्भ धारण करावयाचा तो स्त्रीनें. तो राहावा कीं न राहावा हें ठरवावयाचें पुरुषानें.

हा कर्ता पुढें कसकसा बदलला तें पाहण्यासारखें आहे. स्वातंत्र्यानंतर पहिल्या पंचवार्षिक योजनेंत (१९५१–५६) कुटुंबनियोजनासाठीं ६५ लक्ष रुपये ठेविले गेले. मुंबईच्या कायदेमंडळानें नाकारलेल्या मागणीचें तत्त्व अशा रीतीनें अखिल देशानें मान्य केलें. परंतु योजनेची दृष्टि मातेच्या आरोग्याइतकीच देशाच्या लोकसंख्येवरहि होती. पुढें शांतिलाल शहा समितीच्या १९६६ च्या अहवालास अनुसरून १९७१ मध्यें वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला. विवाहित स्त्रीनें वा तिच्या पतीनें वापरलेलें साधन निष्फळ होऊन नको असतां गर्भ राहिला, तर त्यापासून होणारा मनस्ताप ही स्त्रीच्या मानसिक आरोग्यास गंभीर इजा समजावी, असें त्यांत स्पष्ट केलें. येथें स्त्रीची इच्छा प्रथमच कायद्याच्या भाषेंत उतरली. पण विवाहाच्या चौकटींत.

त्यानंतर पांचच वर्षांनीं, आणीबाणींत, महाराष्ट्राच्या विधिमंडळानें तीन हयात अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारें विधेयक मंजूर केलें. त्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली नाहीं, म्हणून तें कायदा होऊं शकलें नाहीं. तथापि विधेयक आलें तें हें, १९७६ चें. १९३८ चें नव्हे. पहिल्यांत सरकारानें साधन द्यावें अशी प्रजेच्या प्रतिनिधीची विनंति होती. दुसऱ्यांत प्रजेनें आपलें शरीर द्यावें अशी सरकारची आज्ञा होती. दोहोंस ‘विधेयक’ हें एकच नांव दिल्यास हा भेद पुसला जातो, आणि सक्तीस आंबेडकरांचा आधार होता असें म्हणावयास वाव मिळतो. आमच्या दुरुस्तीचें प्रयोजन हेंच.

आणीबाणीनंतर, १९७७ मध्यें, खात्याचें नांव ‘कुटुंबकल्याण’ असें बदललें. २०२१ च्या दुरुस्तीनें १९७१ च्या कायद्यांतील ‘विवाहित स्त्री वा तिचा पति’ हे शब्द जाऊन ‘कोणतीहि स्त्री वा तिचा जोडीदार’ असे शब्द आले. आणि सप्टेंबर २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें अविवाहित स्त्रीसहि तोच अधिकार असल्याचा निर्णय दिला. उपनिषदांत पुरुष असलेला आणि १९७६ मध्यें सरकार होऊं पाहणारा तो कर्ता आतां कोठें स्त्री होऊं लागला आहे.

सार्वजनिक पैसा या कार्यास लागतो, कारण गरीब स्त्रीस साधन विकत घेतां येत नाहीं. पण पैसा देणाऱ्याचा हात इच्छेवरहि पडूं लागला कीं साहाय्याची आज्ञा होते. १९३८ च्या ठरावांत ही सीमा ओलांडलेली नव्हती. ज्या ११ सभासदांनीं त्यास मत दिलें, त्यांची स्मृति तरी यथार्थ नांवानें राहावी, एवढेंच आमचें म्हणणें आहे.