वस्त्रावरील रंगकाम : आपली विद्या आणि आपली विस्मृती



गेल्या दिवाळीत माझ्या नातीने एका सुती ओढणीवर बाजारातील बाटलीतला रंग घेऊन कुंचल्याने मोर काढला व "आजोबा, ही नवी कला पाहा" असे म्हणून ती मजपुढे धरली. ओढणी सुंदर होती. परंतु 'नवी' हा शब्द मनास लागला. ज्यांच्या आडनावात, वाड्यांच्या नावात आणि आळीच्या नावात रंग आहे, त्या रंगारी कुळातील मुलीस ही कला नवी वाटावी, यात दोष तिचा नव्हे, आम्हां वडीलधाऱ्यांचा आहे. त्या दोषाचे अल्प परिमार्जन व्हावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

या विद्येचे प्राचीनत्व निर्विवाद आहे. मोहेंजोदडो येथील उत्खननात चांदीच्या भांड्यास चिकटून राहिलेला सुती कापडाचा एक तुकडा सापडला. तो मंजिष्ठेच्या जातीच्या वनस्पतीने रंगविलेला होता. हा लाल रंग तुरटीसारख्या क्षाराच्या आधारावाचून सुतावर टिकत नाही. इजिप्तमधील फुस्तात या जुन्या नगराच्या अवशेषांतही गुजरातेत छापलेल्या मध्ययुगीन कापडाचे तुकडे मिळाले आहेत.

परंतु कुंचल्याच्या कामाचा खरा उत्कर्ष पाहावयाचा तर आंध्रातील मछलीपट्टण व श्रीकालहस्ती येथील कलमकारीकडे वळले पाहिजे. बांबूच्या कलमास लोकर अथवा चिंध्या गुंडाळून हे काम करतात. प्रथम कापड धुऊन त्यातील खळ काढावयाची, मग ते हिरड्याच्या पाण्यात म्हशीचे दूध मिसळून त्यात भिजवावयाचे. दुधातील स्निग्धांशामुळे रंग पसरत नाही. लोखंडाचे तुकडे व गूळ पाण्यात आंबवून केलेल्या द्रवाने रेषा ओढली की हिरड्याशी संयोग होऊन ती काळी उमटते. जेथे लाल हवा तेथे केवळ तुरटीचे पाणी लावावयाचे आणि कापड मंजिष्ठेच्या किंवा चाय नामक मुळीच्या काढ्यात उकळावयाचे. तुरटी लागली असेल तेवढ्याच जागी लाल रंग धरतो. बाकीचा धुऊन व उन्हात वाळवून नाहीसा होतो. निळ्यासाठी उरलेला भाग मेणाने झाकून कापड निळीच्या रांजणात बुडवीत. निळ्यावर पिवळा दिला की हिरवा. हा पिवळा मात्र कच्चा. म्हणूनच संग्रहालयांतील जुन्या छिटांवरील पाने आज निळी दिसतात.

या छिटांनी युरोपास वेड लावले. स्वदेशातील विणकरांच्या रक्षणार्थ फ्रान्सने 1686 साली त्यांवर बंदी घातली, ती 1759 पर्यंत चालली. इंग्लंडने 1700 साली आयात रोखणारा व 1721 साली वापर रोखणारा कायदा केला. तो 1774 साली शिथिल झाला. दरम्यान 1742 साली केर्दू नावाच्या फ्रेंच धर्मोपदेशकाने दक्षिणेतील कारागिरांकडून ही कृती समजून घेऊन मायदेशी पत्राने कळविली. आमच्याकडे जी विद्या तोंडी राहिली, ती परकीयाने लिहून ठेवली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

पुढे 1856 साली पर्किनने कृत्रिम जांभळा रंग शोधला, 1868 साली मंजिष्ठेतील रंगद्रव्य जर्मन रसायनज्ञांनी प्रयोगशाळेत तयार केले आणि 1897 साली कृत्रिम नीळ बाजारात आली. रांजण थंड पडले. भावसार, रंगारी, निळीचे काम करणारे निराळी, सर्वांचीच मुले शाळांत, कचेऱ्यांत व दुकानांत गेली. मी स्वतः त्यांतलाच एक. स्वातंत्र्यानंतर 1952 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय हस्तकला मंडळाने श्रीकालहस्तीच्या कलमकारीस आधार दिला. ते मंडळ 2020 साली विसर्जित झाले, पण कलमकारी जगली.

आता नातीच्या बाटलीविषयी. तिच्यातील रंग सुताच्या अंतरंगात शिरत नाही. रंगाचे बारीक कण एका चिकट द्रव्याच्या योगे धाग्यावर बसतात. म्हणून नवे कापड आधी धुऊन खळ काढावी, रंग पूर्ण वाळू द्यावा व नंतर उलट बाजूने इस्त्री फिरवावी. सुज्ञ वाचकांच्या लक्षात येईल की साधन बदलले, तरी आधी कापड तयार करणे, मग रंग देणे व शेवटी तो पक्का करणे, हा क्रम पूर्वजांचाच आहे.

शेवटी एक कबुली. माझ्या लहानपणी आमच्या माळ्यावर आजोबांचे सागवानी ठसे पोतेभर पडून होते. एका पावसाळ्यात लाकडे ओली म्हणून ते एकेक करून बंबात गेले. घालणाऱ्यांत मीही होतो, आणि पाणी लवकर तापले म्हणून आम्ही आनंदलो होतो! त्यांवरील वेलबुट्टी आज मला एकही आठवत नाही.

म्हणून विनंती एवढीच : ज्यांच्या घरी ठसा, निळीचा रांजण वा जुन्या रंगाची वही असेल, त्यांनी ती जपावी, घरातील वृद्धांस विचारून त्यांच्या कृती लिहून काढाव्यात. माझ्या नातीला मी त्या दिवशी एवढेच म्हणालो, "बाळ, कला जुनीच आहे, हात मात्र नवा आहे." तो हात रिकामा राहू नये, ही तुम्हांआम्हां सर्वांची जबाबदारी आहे.